टर्बोचे चार नट

"माझ्या हातांनी माझ्या बहिणीची ही गत झाली का, एवढंच मला शोधून द्या," तो माणूस दारातूनच म्हणाला. "झाली असेल तर तसं सांगा. पुन्हा पान्याला हात लावणार नाही."

बाईंनी चष्मा वर सरकवून त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या ऑफिसात येणारी माणसं दुसऱ्याचं पाप शोधायला येत. नवरा कुठे जातो, सून काय लपवते, भागीदार कुणाला भेटतो. इतकी वर्षं लोकांच्या घाणीत हात घालून बाईंना माणसांचा वीट आला होता आणि तो त्या लपवतही नसत. स्वतःचं पाप शोधायला आलेला माणूस मात्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"बसा. मास्तर, पाणी द्या यांना."

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. कागदपत्रं लावून द्यायला म्हणून आले आणि बाईंच्या मागे फिरायला लागले. त्यांना आकडे यायचे, माणसं यायची नाहीत.

पाहुणा गाड्या ट्यून करायचा. चार सिलिंडरच्या, टर्बोवाल्या.

"म्हणजे त्या रस्त्यावरून ढुम्म ढुम्म आवाज करत जाणाऱ्या?" मास्तरांनी नाक मुरडलं.

"तसल्या माझा भागीदार करतो. भोंगा म्हणतात त्याला सगळे. मी रोजच्या वापराच्या गाड्या करतो. टर्बो म्हणजे एक चाक असतं, मास्तर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर ते फिरतं आणि इंजिनात जास्त हवा ढकलतं. जास्त हवा, जास्त ताकद. ती ताकद कुठे हवी, हा खरा प्रश्न. भोंगा ती वरच्या वेगाला नेतो, गाडी शर्यतीत पळवायला. मी ती कमी वेगाला आणतो. सिग्नलला, चढावर, भरल्या गाडीत."

"आणि बहीण?"

"ताई गुरांची डॉक्टर आहे. डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर जाते. मला म्हणाली, मला शर्यत नको रे बाबा. मागे औषधांचे खोके आणि एखादी आजारी शेळी असली तरी चढावर गाडी रडू नये, एवढं कर. मी लहान, चटकन फिरणारा टर्बो बसवला. तीन आठवडे गाडी चढावर अशी जायची की वाटेतले टॅक्सीवाले थांबून विचारायचे. या रविवारी त्यांची संघटना येणार होती गाडी बघायला. आवडली असती तर त्यांच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे, आणि माझ्या पद्धतीने."

"भोंग्याच्या नव्हे."

"नव्हे." त्याने पाण्याचा पेला तसाच ठेवला. "त्याआधीच ताई स्टिअरिंगवर बेशुद्ध पडली. गाडी सावकाश खड्ड्यात गेली, म्हणून वाचली. डॉक्टरांना आधी वाटलं डोक्याला मार लागलाय. दुसऱ्या दिवशी कळलं, इंजिनाचा धूर गाडीत शिरला होता. आता शुद्धीवर आहे. पण हात थरथरतात, शब्द सापडत नाहीत. गुरांच्या डॉक्टरचे हात थरथरून कसं चालेल? आणि आई मला तिच्या खोलीत पाऊल टाकू देत नाही."

"धूर शिरला कुठून?"

"इंजिन आणि टर्बोच्या सांध्यातून. तिथे चार नट असतात. चारही ढिले निघाले." त्याने फोनवर एक फोटो काढून दाखवला. "सरकारी तपासनीसाने काढलाय. ही पिवळी रेघ बघा, नटावरून खाली धातूवर आलेली. नट पूर्ण आवळला की मी अशी रेघ मारतो. नंतर नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लगेच कळतं. इथे नट ढिले आहेत आणि रेघा मात्र सरळ. म्हणजे ते फिरलेच नाहीत. म्हणजे मी न आवळताच रेघा मारल्या."

"तुम्हाला काय आठवतं?"

"आवळले होते. त्याच दुपारी सायलेन्सरकडे जाणारा पाइपही बसवला, त्याच पेनने त्याच्या नटांवर रेघा मारल्या. आठवड्याने गाडी परत बोलावून तपासलीही. पण फोटो काय खोटं बोलतो?" त्याने फोन पालथा ठेवला. "गाडीजवळ जायचं धाडस होत नाही मला."

"फोटो कधीच खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्यासमोर उभी राहणारी माणसं बोलतात. चला, मास्तर."

गॅरेज ऐसपैस होतं. पुढच्या अर्ध्या भागात भोंग्याच्या गाड्या, लाल-निळ्या, जमिनीला पोट टेकलेल्या. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ताईची साधी करडी गाडी. आत गवत, औषधं आणि शेळ्यांचा मिळून एक उग्र दर्प. मास्तरांनी रुमाल नाकाला लावला.

बाईंनी बॉनेट उघडून विजेरी आत धरली. इंजिनाच्या मागच्या अंगाला, काचेच्या बरोबर खाली टर्बो होता. आतल्या माणसांसाठी बाहेरची हवा घेणारी जाळीही तिथेच, हातभर वर. सांध्याभोवती काजळी पसरली होती.

"बघा, रेघा किती ठसठशीत आहेत," मास्तर म्हणाले. "पिवळ्याजर्द. खालच्या पाइपच्या नटांवर मात्र तपकिरी पडल्यात, उतू गेलेल्या चहाच्या डागासारख्या."

"अजून काय दिसतं?"

"नटांच्या कडेला बारीक ओरखडे आहेत." मास्तरांनी वाकून एका रेघेला नख लावलं. पिवळा पापुद्रा त्यांच्या नखावर आला. उलट्या बाजूने तो काळाकुट्ट होता. "शी! रुमाल गेला वाया."

बाईंनी तो पापुद्रा रुमालासकट घेऊन पाकिटात ठेवला. मास्तरांचा चेहरा पडला, कारण रुमाल नवा होता.

भोंगा ऑफिसात फोनवर हसत होता. त्यांना पाहताच त्याने चेहरा लांब केला. पिकलेल्या मिशा, घट्ट टी-शर्ट, मनगटावर पट्टी.

"फार वाईट झालं हो," तो म्हणाला. "त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये सगळी धावपळ मीच केली. हा तर खचूनच बसला होता, आईशेजारून हलला नाही. मध्ये गाडी टोचन करून इथे आली, ती उतरवून घ्यायला मीच आलो."

"तुमच्याशिवाय कुणी गाडीजवळ गेलं?"

"ताईचा नवरा आला होता तिची बॅग घ्यायला. बराच वेळ एकटाच होता शेडमध्ये. मी फोनवर होतो." त्याने आवाज खाली आणला. "मी कुणाचं नाव घेत नाही हां. चूक आमच्या गड्याचीच आहे. रेघा ओढायची घाई, आवळायचा कंटाळा."

"रेघा तुम्हीही मारता?"

"त्याशिवाय गाडी बाहेर पडते का आमची? गिऱ्हाइकाला दाखवायला बॉनेट उघडलं की कसं उठून दिसतं! रंग असातसा नाही आमचा. उष्णता सोसणारा. जन्मभर पिवळाच्या पिवळा राहतो."

"ताई आदल्या दिवशी आल्या होत्या का इथे?"

"टायरमध्ये हवा भरायला. हा सामान आणायला गेला होता. मी हवा भरली, गेली. टर्बोकडे कोण बघतं?"

"आणि हे मनगट?"

"वेल्डिंग. आमच्या धंद्यात रोजचंच." तो खुर्चीत मागे रेलला. "मला एक कळत नाही. धूर असा नाकाला झोंबतो की मेलेला माणूस उठून बसेल. काच खाली करायची की नाही? गाडी थांबवायची की नाही? ही बाई तशीच डोंगर चढत गेली. भाऊ निष्काळजी आणि बहीण हट्टी. दोघांनी मिळून वाटोळं केलं."

"आणि टॅक्सीवाले?"

"ते आता माझ्याकडेच येणार. दुःख दुःखाच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी."

बाहेर पडल्यावर बाई गटाराच्या कडेला थांबल्या आणि थुंकल्या. मास्तर दचकले. इतक्या वर्षांत त्यांनी बाईंना रस्त्यावर थुंकताना पाहिलं नव्हतं.

ताईचा नवरा दातांचा डॉक्टर होता. दवाखाना असा चकचकीत की बसायची भीती वाटावी. माणूस नाकाने कांदे सोलणारा. बाईंशी हात मिळवला आणि लगेच बाटलीतलं औषध हातांवर चोळलं. दवाखान्याच्या मागे त्याची मोटारसायकल उभी होती, शेजारी हत्यारांची भलीमोठी पेटी.

"मी पहिल्यापासून सांगत होतो, सोड ते गुरांचं," तो म्हणाला. "घरात येते तर गोठा बरोबर घेऊन येते. ती गाडी! मी त्यात बसतच नाही. तिचं बरंय, तिला वास येतच नाही."

"येत नाही म्हणजे?"

"मोठा ताप आला होता, तेव्हापासून नाक गेलंय तिचं. घरात आम्हालाच ठाऊक आहे. बाहेर कळू देत नाही. जखम चिघळल्याचा वास ज्या डॉक्टरला कळत नाही, त्या डॉक्टरला गुरं कोण दाखवणार? म्हणून आम्ही सगळे गप्प."

मास्तरांनी बाईंकडे अर्थपूर्ण नजर टाकली. बाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या.

"त्या दिवशी सकाळी काय झालं?"

"नेहमीचंच. मुलीला शाळेत सोडून ती पुढे जाते. मुलीला गाडीत बसवून पट्टा मीच लावतो, कारण आईसाहेब तोपर्यंत खोके भरत असतात. निघताना कुरकुरत होती, आज गाडीत जीवच नाही म्हणून. गल्लीतला चढसुद्धा चढेना म्हणे. नंतर शाळेतून फोन. मुलीला उलट्या होतायत, घेऊन जा. तीन पेशंट सोडून मला जावं लागलं!"

"मुलगी काही म्हणाली?"

"गाडीत घाण वास येत होता म्हणाली. ते ती रोजच म्हणते. मी म्हटलं, आईला सांग." तो एकदम थांबला. हातांवर पुन्हा औषध घेतलं आणि चोळत राहिला. "आईला सांगून काय उपयोग होता, नाही का?"

"बॅग घ्यायला गॅरेजवर गेला होतात?"

"हो. ती दरवाज्याच्या फटीत अडकली होती. मला ते सगळं हाताने..." त्याने तोंड वाकडं केलं.

जिना उतरताना मास्तरांना राहवेना. "बाई, सरळ गणित आहे. बायकोचं नाक गेलंय हे याला ठाऊक. हत्यारं याच्याकडे. बायकोचं काम याला नको. नंतर शेडमध्ये एकटा हाच. उत्तर आलं!"

"बेरीज सुरेख केलीत, मास्तर. पण घ्यायचा आकडा सोडलात आणि सोडायचा घेतलात."

हॉस्पिटलच्या जिन्यात त्यांना आई भेटली. म्हातारी काटक होती, डोळे कोरडे. मुलाचं नाव काढताच तिने मान फिरवली.

"मला त्याचं तोंड बघायचं नाही. लहानपणी हाताला धरून शाळेत नेलं तिनं त्याला. आणि यानं चार नट नीट बसवले नाहीत."

"त्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला काही विचारलं होतं?"

"एकेकाला विचारलं. गाडीत गॅस, धूर, कसलं औषध होतं का? मारानं एवढी बेशुद्धी येत नाही म्हणत होते. आम्ही सगळे नाही म्हणालो. मी, मुलगा, जावई, तो भोंगा. आम्हाला काय माहीत?"

"मग धुराचं कळलं कसं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरकारी माणूस गॅरेजवर जाऊन आला. नट ढिले आहेत असं त्यानं कळवलं, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं. मग नळी लावली, मोठ्या जोराचा प्राणवायू दिला. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशीच कळलं असतं तर..."

बाईंनी जिन्याचा कठडा धरला.

"काय झालं ते कळलंय मला, मास्तर," त्या म्हणाल्या. "कळलं नसतं तर बरं झालं असतं. उद्या सगळ्यांना गॅरेजवर बोलवा. आईलासुद्धा. त्या तपासनीसालाही सांगा, येताना एखादा हवालदार घेऊन या म्हणावं."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळे जमले. ताईचा भाऊ एका कोपऱ्यात, आई दुसऱ्या. दातांचा डॉक्टर कशालाही न टेकता मध्येच उभा. भोंगा दाराशी, घड्याळ बघत. तपासनीस आणि हवालदार भिंतीला टेकून. ताडपत्री काढलेली होती.

"पहिली गोष्ट," बाई म्हणाल्या. "हे नट पहिल्यापासून ढिले होते, असं सगळे धरून चाललेत. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो. टर्बोच्या आधीच धूर गळाला तर टर्बोला जोर कुठून येणार? गाडी चढावर मेल्यासारखी होईल. पण हीच गाडी तीन आठवडे चढावर टॅक्सीवाल्यांना मागे टाकत होती. तिच्यातला जीव गेला तो फक्त शेवटच्या सकाळी. म्हणजे तोवर नट आवळलेले होते आणि आदल्या दिवशी कुणीतरी ते ढिले केले."

भावाने मान वर केली.

"पण रेघा तुटलेल्या नाहीत," तपासनीस म्हणाला. "मी स्वतः बघितल्या."

"त्या रेघा यांच्या नाहीतच. खालच्या पाइपचे नट बघा. तीही रेघ यांनीच मारलेली. तीच दुपार, तेच पेन. ती भाजून तपकिरी झालीय. वरचा सांधा तर त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि तिथली रेघ अजून पिवळीजर्द? तीन आठवड्यांची रेघ अशी राहते का हो?"

"नाही," भाऊ पुटपुटला. तो गाडीच्या दिशेने दोन पावलं आला होता. "आठवड्यात तपकिरी पडते. मी तपासायला गाडी बोलावतो तेव्हा दरवेळी बघतो. फोटोत रेघ सरळ दिसली आणि रंगाकडे लक्षच गेलं नाही माझं."

"तुम्ही बघता. कारण तुम्ही गाडी परत बोलावता. ज्याने आजवर गाडी एकदा गिऱ्हाइकाला दिल्यावर तिचं बॉनेट पुन्हा उघडलं नाही, त्याला आपली रेघ पुढे कशी होते ते कळणार कसं? तो म्हणेल, आमचा रंग जन्मभर पिवळा राहतो."

भोंग्याने घड्याळ बघायचं सोडलं.

"आता हा पापुद्रा." बाईंनी पाकीट उघडलं. "मास्तरांच्या नखाला लागलेला. वरून पिवळा, खालून काळा. म्हणजे काजळी आधी बसली आणि रंग नंतर लागला. काजळी आली गळतीतून. तेव्हा ही रेघ मारली गेली ती गाडी खड्ड्यातून इथे आल्यावर आणि तपासनीसांनी फोटो काढायच्या आधी. आधीची रेघ तुटली होती, ती खरवडून काढली. ओरखडे अजून आहेत."

"मग नट परत आवळून गप्प का नाही बसला तो?" मास्तरांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"काजळी कशी लपवणार? धूर गळलाय हे लहान पोरालाही दिसलं असतं. दोष कुणाच्या माथी मारायचा, एवढंच त्याच्या हातात होतं."

"त्या संध्याकाळी इथे दोघंच एकटे होते," बाई म्हणाल्या. "हा जावई आणि भोंगा."

दातांच्या डॉक्टरचा चेहरा पांढरा पडला. "मी बॅग..."

"मास्तरांचा संशय तुमच्यावर आहे. का, तर बायकोचं नाक गेलंय हे तुम्हाला ठाऊक. पण मास्तर, हे काम ज्याला ठाऊक होतं त्याचं नाही. ज्याला ठाऊक नव्हतं त्याचं आहे." बाई त्यांच्याकडे वळल्या. "त्या सकाळी यांनी स्वतःच्या पोरीला त्या गाडीत बसवून हाताने पट्टा लावला. पोरगी शाळेत ओकली. हा माणूस मला आवडत नाही. याने पोरीचं ऐकलं नाही, आणि ते याला जन्मभर खाईल. पण आपलं पोर घालून कुणी असा सापळा लावत नाही."

डॉक्टर खाली बसला. तेलकट जमिनीवर, पांढऱ्या पँटसकट.

"नट ढिले करणाऱ्याला बाई मारायची नव्हतीच. त्याला तमाशा हवा होता. रविवारी टॅक्सीवाल्यांसमोर गाडी चढावर रडली पाहिजे, फडफड आवाज केला पाहिजे, भागीदाराचं हसं झालं पाहिजे. धुराची भीती? छे! वास येईल, बाई काच खाली करेल, कुरकुरत चार दिवस चालवेल. असा त्याचा हिशेब. तिला वास येत नाही हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. भोंगा, काल मला काय म्हणालात? धूर नाकाला झोंबला तरी हिने काच खाली का केली नाही, हे तुम्हाला कळत नाही. तुम्हाला खरंच कळत नव्हतं. तुमच्या सगळ्या बोलण्यात तेवढं एकच खरं होतं."

"हवा भरायला आलेली बाई ऑफिसात बसली," बाई पुढे म्हणाल्या, "आणि तुम्ही तापलेल्या टर्बोत घाईघाईने हात घातलात. वेल्डिंगचा चटका सहसा ठिपक्यांचा असतो. सोडा ती पट्टी."

भोंग्याने पट्टीवर दुसरा हात ठेवला. हवालदार भिंतीपासून पुढे झाला आणि त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. भोंग्याने पट्टी सोडली. मनगटावर एकच लांब, सरळ चट्टा होता, तापलेल्या कडेला हात टेकल्यासारखा.

"थोडेसेच ढिले केले होते," तो म्हणाला. मग एकदम ओरडला, "मला काय स्वप्न पडलं होतं? वास यायला हवा होता ना तिला! कुणालाही आला असता! मी काय खुनी आहे?"

"नाही," बाई म्हणाल्या. "खुनी असतात तर मला इतकी किळस आली नसती. खुनी माणूस निदान आपण काय करतोय ते जाणतो. नट ढिले केलेत तो तुमचा कोतेपणा. तो जगात पोत्याने सापडतो. पण गाडी खड्ड्यात गेल्याचं कळलं, तेव्हा जगात तुम्हा एकट्याला ठाऊक होतं की तिला काय झालंय. डॉक्टर दारात उभे राहून एकेकाला विचारत होते, गाडीत धूर होता का? एक 'हो' म्हणायचं होतं. नाव सांगायचीही गरज नव्हती. 'धुराचा वास आला होता' एवढं म्हणाला असतात, तरी त्याच क्षणी तिला नळी लागली असती. तुम्ही नाही म्हणालात. आणि इथे येऊन रेघा मारल्यात. ती तिथे तशीच पडलेली, आणि तुम्ही इथे वाकून, हात न हलू देता, चार नटांवर रेघा मारत होतात."

भोंग्याने पट्टी पुन्हा मनगटावर गुंडाळायला घेतली.

"मी म्हणालो असतो," भोंगा म्हणाला. "सकाळी म्हणणारच होतो. तोपर्यंत..."

"तोपर्यंत त्या बाईचे हात गेले."

हवालदाराने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. जाताना तो भागीदाराला म्हणाला, "तुझ्यावर राग नव्हता रे माझा." तो ते मनापासून म्हणाला आणि तेच सगळ्यात ओंगळ होतं.

भाऊ गाडीशी उभा होता. त्याने तपकिरी रेघेवर बोट ठेवलं होतं. "म्हणजे मी आवळले होते," तो म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेना. "बाई, आदल्या दिवशीच कळलं असतं तर तिचे हात..."

"डॉक्टरांना विचारा," बाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि खरं बोलवेना.

इतका वेळ आई एका टायरवर बसून होती. ती उठली. मुलाकडे न जाता भिंतीजवळच्या नळाकडे गेली, नळ सोडला आणि ओंजळीने पाणी घेऊन चूळ भरली. मग पुन्हा भरली. मग पुन्हा.

"आई, काय होतंय?" भाऊ धावला.

"त्या दिवशी मी काही खात नव्हते, पीत नव्हते," ती म्हणाली. पाणी तिच्या हनुवटीवरून गळत होतं. "तो खाली जाऊन चहा घेऊन आला. माझ्या शेजारी बसला. म्हणाला, आई, दोन घोट घ्या, नाहीतर तुम्हीच आजारी पडाल. कप माझ्या तोंडाला लावला. हात धरला माझा. मी म्हटलं, पोटच्या पोरापेक्षा परका बरा. प्यायले मी तो चहा. सगळा प्यायले."

तिने पुन्हा चूळ भरली. मुलगा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तिने तो हात झटकला नाही. मास्तरांनी मान वळवली. बाई मात्र बघत राहिल्या.

शेवटी आईने नळ बंद केला आणि हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं.

"शुद्धीवर आल्यापासून ती तुझं नाव घेतेय," ती मुलाला म्हणाली. "नीट बोलता येत नाही, पण नाव तुझंच घेते. मी तिला सांगितलं, तो येत नाही म्हणतो. चल आता. मी खोटं बोलले, ते तिला तुझ्यासमोर सांगते."